पेटी कसली, तर बंदुकीची

आधी आकडा सांगून टाकतो, नंतर जीभ रेटणार नाही. एकूण गेले २९,०९९ रुपये. आगाऊ ९,२५०. पितळी कड्या-कोयंड्यांचे २,२००. ‘परत मिळणाऱ्या’ विम्याचे ३,४००. दारात रोख पुन्हा ९,२५०. आणि शेवटचे ४,९९९, ज्यांचा विषय घरात अजून कोणी माझ्यासमोर काढत नाही. सगळं एका पेटीपायी.

आमच्या घरात आजोबांची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक आहे. बारा बोअर, बाहेर घोडे (चाप ओढला की आपटतात ते खटके) असलेली जुनी विलायती, नळ्यांखाली बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे, म्हणजे नळ्या तपासणाऱ्या संस्थेचे शिक्के. नळ्या डमास्कसच्या, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून केलेल्या, त्यामुळे त्यांच्यावर ओहोटीच्या वाळूसारखी नक्षी दिसते. आताच्या काडतुसाचा जोर तिला सोसायचा नाही, म्हणून वडिलांच्या वेळेपासून ती उडवलेली नाही. सिंधुदुर्गातलं आमचं खाडीकाठचं गाव. गावात शेतीसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुका बऱ्याच घरांत आहेत, डुकरं आणि माकडं काही कमी नाहीत. पण आमची दुनळी म्हणजे देवघरातल्या टाकांसारखी. पुसायची, तेल द्यायचं, ठेवायची. लायसन्स वडिलांच्या पश्चात माझ्या नावावर झालं आहे.

आता तिला पेटी कशाला? तर निवडणुका. १६ मार्च २०२४ ला आचारसंहिता लागली आणि नेहमीप्रमाणे बंदुका ठाण्यात जमा. जूनमध्ये परत मिळाली तेव्हा दस्त्यावर बोटभर लांब चरा, डाव्या नळीवर गंजाचे टिपके आणि कॅनव्हासच्या गवसणीला बुरशीचा वास. हवालदार म्हणाले, “गुरुजी, भिंतीक लावून उभे केलेले, खयची खयची पुसत बसू?” त्यांचंही खरंच आहे म्हणा.

भाचीकडे व्हायोलिनची पेटी बघितली होती. आत मखमल, मानेला वेगळी बैठक, गजाला वेगळी खाच, आणि कोपऱ्यात दमटपणा दाखवणारं लहानसं घड्याळ. डोक्यात तेच बसलं. दुनळी मधून मोडते आणि तीन तुकड्यांत सुटते: नळ्या, दस्ता आणि पुढचं लाकूड. पूर्वी विलायतेहून अशाच कप्प्याकप्प्यांच्या पेटीत यायच्या. आमच्या सुतार मेस्त्रींना विचारलं होतं. ते म्हणाले, सागाची फळी पडलेली आहे, साडेपाच हजार द्या, पाऊस संपला की करतो. कोकणात ‘पाऊस संपला की’ याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी थांबायला हवं होतं.

त्याच वर्षी मिरजेच्या सितार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी वाचली होती. त्यानंतर मोबाइलवर ‘मिरजेचे कारागीर, वाद्यांच्या आणि बंदुकांच्या कस्टम पेट्या’ अशी जाहिरात दिसली, तर कोणाला खोटी वाटेल? मला नाही वाटली. मिरजेच्या खऱ्या कारागिरांना यात कोणी बोल लावू नये. त्यांचं नाव फक्त वापरलं गेलं.

फोनवर जाहिरातवाल्याचं बोलणं एकदम गोड. “सर, फुल कस्टम. तानपुऱ्याला करतो तशीच.” किंमत १८,५००, निम्मे आधी. फोटो पाठवले. एका फोटोत तर व्हायोलिनची पेटी आणि तिच्यात टॉमी गनसाठी कोरलेली जागा! “आपण ही पण बनवतो सर.” टॉमी गन ही अमेरिकी गुंडांच्या सिनेमातली स्वयंचलित बंदूक. १९२१ च्या मॉडेलचा दस्ता सुटा होतो म्हणून ती तशा पेटीत मावू तरी शकते. पण आपल्याकडे साध्या माणसाला स्वयंचलित हत्याराचं लायसन्स मिळतच नाही, मग मिरजेत ही पेटी मागवली कोणी? हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी काय केलं, तर फोटो भाच्याला पाठवला आणि लिहिलं, ‘बघ, काय काय करतात लोक.’

खरा क्षण मात्र पुढचा. तो आठवला की आजही रात्री उठून बसतो.

मी त्याला म्हटलं, “घोडे बाहेर आहेत. झाकण मिटताना दाबले जाणार नाहीत एवढी खाच ठेवा.” पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, “घोडा म्हणजे सर? झाकणावर घोड्याचं चित्र टाकायचंय? होईल की, एम्बॉसिंगचे आठशे एक्स्ट्रा.”

बंदुकीच्या पेट्या करणाऱ्याला घोडा माहीत नाही! तिथेच फोन ठेवायला हवा होता. पण चौतीस वर्षं मास्तरकी केली आहे. समोरचा अडला की शिकवायची खोड. मला वाटलं, वाद्यांचा माणूस, बिचाऱ्याला हे शब्द नवे असतील. मी कागदावर आकृती काढली. घोडा, चाप, नळी, दस्ता, सगळ्यांना बाण करून नावं घातली, मापं लिहिली, नळ्यांची लांबी तीस इंच, आणि फोटो काढून पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. “सर, उजवा घोडा डाव्यापेक्षा जरा उंच दिसतोय, त्याची खाच दोन सूत खोल घेतो.” मी बायकोला म्हटलं, बघ, माणूस कसा बारकाईने काम करतो. मीच दिलेले शब्द त्याने मलाच परत विकले आणि मी त्याचे ९,२५० मोजले. तारीख २४ जून.

आणखी एक मूर्खपणा कबूल करतो, कारण तो पैशांहून वाईट आहे. तो म्हणाला, “बंदुकीची पेटी आहे सर, लायसन्सची कॉपी लागते, नियम आहे.” असला नियम कुठेही नाही. पेटी म्हणजे लाकूड आणि कापड, हत्यार नव्हे. मी लायसन्स पाठवलं, आधार पाठवलं, बंदुकीचा नंबर स्पष्ट दिसेल असा फोटो पाठवला. आता कुठल्या तरी चोराच्या मोबाइलमध्ये माझं घर, माझी बंदूक आणि माझा चेहरा एकत्र आहेत. तुमच्याकडे जुनं हत्यार असेल तर हे एवढं तरी लक्षात ठेवा: नंबर आणि पत्ता एकाच माणसाच्या हातात देऊ नका. माप हवं असेल तर खाकी कागदावर बंदूक आडवी ठेवून पेन्सिलीने कडेने रेघ मारा आणि तो कागद द्या. कारागिराला तेवढा पुरतो.

जुलैमध्ये कड्या-कोयंड्यांचे २,२००, ऑगस्टमध्ये विम्याचे ३,४००. दर वेळी नवीन फोटो. मखमल हिरवी की मरून? मी मरून म्हटलं. कशाला लपवू, त्या रंगावर आम्ही नवरा-बायको दोन दिवस भांडलो.

पार्सल आलं ६ सप्टेंबरला, हरतालिकेच्या दिवशी. घर भरलेलं, मुंबईचे चाकरमानी आदल्याच दिवशी उतरलेले. मोठे चुलते ओटीवर बसून, “आण रे, आजोबांच्या बंदुकीचा पलंग बघूया.” पार्सलवाला पोरगा म्हणाला, आधी पैसे, मग खोका. ९,२५० दिले. सगळ्यांच्या देखत फोडला. आत पोरांच्या खेळण्यातल्या गिटारची पुठ्ठ्याची केस. तिच्यात भाजी चिरायच्या सुरीने कापल्यासारखा वेडावाकडा स्पंज, आणि वर मरून रंगाच्या ब्लाउजपीसचा तुकडा डिंकाने चिकटवलेला. रंग तेवढा बरोबर होता.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

स्पंजाबद्दल एक सांगून ठेवतो, चांगली पेटी मिळाली तरी उपयोगी पडेल. आपल्या हवेत स्पंज पाणी धरतो, आणि जुना झाला की कुजून धातूला चिकटतो. चामड्याचं म्यान तर पावसाळ्यात गंजाचं माहेरघर. ओक वगैरे काही लाकडांतून आम्ल सुटतं, तेही नळ्यांना वाईट. पेटी ही नेण्या-आणण्यापुरती. घरात बंदूक तेलाचा हात फिरवून हवेशीर ठेवायची, पेटीत महिनोन्महिने कोंडायची नाही. भाचीच्या पेटीतलं ते दमटपणाचं घड्याळ शोभेसाठी नव्हतं, हे मला आत्ता कळतंय.

९ सप्टेंबरला ‘रिफंड विभागा’तून फोन आला. पैसे तीन हप्त्यांत परत करतो, पहिला ४,९९९ चा, कोड स्कॅन करा. केला. पिन टाकला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मी स्वतः शाळेतल्या शिपायाला समजावून सांगितलेलं आहे. पण घरात पाहुणे, एका हातात आरतीचं ताट, आणि डोक्यात एकच की चुलत्यांना सांगता येईल, पैसे परत आले. कारण आहे हे. सबब म्हणा हवं तर.

तक्रार करायला निघालो गौरी विसर्जनानंतर, १३ तारखेला. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, लगेच करायला हवा होता, आता पैसे पुढे सरकले असतील. तेही खरं. तुम्ही सणवार बघू नका, पैसे गेले की त्याच मिनिटाला १९३० लावा.

मग ठाणं. पुढचं मला गिळवत नाही.

ठाणे अंमलदाराने विचारलं, कसली तक्रार? म्हटलं, पेटीची. “आंब्याची?” नाही. “भजनाची?” नाही हो, बंदुकीची. बंदूक म्हटल्याबरोबर तक्रार बाजूला आणि चौकशी माझी. बंदूक कुठाय? लायसन्स कुठाय? काडतुसं किती? उद्या घेऊन या. दुसऱ्या दिवशी भर पावसात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नेली. दोन तास बसवलं. नंबर पडताळले, माझा जबाब घेतला, आणि साहेब म्हणाले, “हत्याराचे फोटो पाठवले तुम्ही, गुन्हा तुमच्यावरच दाखल करायला पाहिजे.” चोर कोण आणि साव कोण तेच मला कळेना.

पैशांचं काय? तर “वस्तू मिळाली ना? मग दिवाणी बाब.” म्हटलं, गिटारची केस मिळाली. “म्हणजे मिळाली.” आणि माणूस मिरजेचा, तर तिकडे जा. मी म्हटलं, १ जुलैपासून नवा कायदा आलाय, हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्हा नोंदवून घ्यायचाच आहे. “गुरुजी, वकिली कधी केलात?” शेवटी अर्ज मिळाल्याचा शिक्का देऊन वाटेला लावलं. घरी येऊन पोच वाचली. विषय: ‘ऑनलाइन हार्मोनियम खरेदीबाबत.’

हार्मोनियम! पेटी म्हणजे हार्मोनियम. दुरुस्त करून मागायला गेलो तर लिहिणारे रजेवर.

जिल्ह्याच्या ठिकाणी सायबरवाल्यांकडे गेलो. त्यांनी कागद बघून विचारलं, हार्मोनियम आली नाही का? बँकेत गेलो. पिन तुम्हीच टाकलात, आमची जबाबदारी नाही, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, बँकेचा उतारा आणा. उतारा नेला तर म्हणाले, शिक्का नाही. शस्त्र परवान्याच्या टेबलावर गेलो, म्हटलं, माझ्या लायसन्सची प्रत चोराकडे गेली आहे, नोंद तरी करून ठेवा. उत्तर काय, असा अर्जाचा नमुनाच नाही. गहाळ झालं म्हणून द्या. अहो, गहाळ कुठे झालंय, हे काय खिशात आहे! मग नोंद कशाची करायची? एसटीच्या सात फेऱ्या, त्यांचे पैसे वरच्या हिशोबात धरलेले नाहीत. आजवर हाती काय, तर चोराच्या खात्यात ६१२ रुपये गोठवल्याचा एक मेसेज.

ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. पण समोरच्याचा पत्ता लागतो. भाच्याचा मित्र दिलेल्या पत्त्यावर जाऊन आला. तिथे पिठाची गिरणी आहे. गिरणीवाल्याने सांगितलं, तुम्ही चौथे.

त्याच भाच्याने ते जुने फोटो मोठे करून दाखवले. टॉमी गनच्या पेटीमागे भिंतीवर प्लग आहे, दोन उभ्या चिरा आणि खाली एक भोक. अमेरिकेचा प्लग. मिरजेत! फोटो आला की आधी भिंत बघा, मग वस्तू. आणि मोबाइलवर फोटो उलटा शोधून बघता येतो, पोराटोरांना सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. दारात पैसे देण्याआधी खोका फोडू देत नसतील तर पार्सल परत पाठवा, ओटीवर कोणीही बसलेलं असो.

मेस्त्रींना सांगायला गेलो. ते काही बोलले नाहीत, फळीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, “आता दर वाढलो.” सात हजार. पाऊस संपला की.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. पाऊस संपला नव्हता. गवसणी फेकून दिलेली, पेटी नाही. आईचं जुनं इरकली लुगडं होतं, त्यात दुनळी गुंडाळली आणि ठाण्यात नेली. हवालदार तेच.

“काय गुरुजी, पेटी इली नाय अजून?”

मी म्हटलं, पावती द्या. त्यांनी पावती लिहिली, शिक्का मारला आणि पुढे सरकवली. ‘दुनळी बारा बोअर, नग एक. सोबत लुगडे, नग एक.’