ईएसआयसीचा बेरोजगारी भत्ता अडकला होता, 'सोडवून देतो' म्हणणाऱ्याने ३७,१३० रुपये नेले

चाकण, भोसरी, रांजणगाव साईडला ज्यांची कॉन्ट्रॅक्टवरची नोकरी गेलीये आणि ज्यांनी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत, म्हणजे ईएसआयसीच्या (कामगार राज्य विमा महामंडळाच्या) बेरोजगारी भत्त्यासाठी क्लेम टाकलाय त्यांच्यासाठी लिहितेय. क्लेम पेंडिंग असताना "ईएसआयसीतून बोलतोय" म्हणून फोन आला तर तिथंच कट करा, ऐकून तर घेऊ असं म्हणू नका. माझे गेले ते असे, १,१८० फाईल चार्ज, ४,३५० 'रिफंडेबल डिपॉझिट', मग खात्यातून २४,९०० आणि शेवटी ६,७००. खात्यातले पैसे पीएफचे होते, नोकरी गेल्यावर काढलेले, मुलीच्या फीसाठी ठेवलेले.

घरातलेच विचारतात की एवढं सगळं वाचतेस, लिहितेस, तुला कळलं कसं नाही. म्हणून नीट सांगते. मी चाकणला पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला होते, कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर, ग्रॉस १७,४००. म्हणजे २१,००० च्या मर्यादेच्या आत, त्यामुळे दर महिन्याला पगारातून पाऊण टक्का ईएसआय कापला जायचा. ऑर्डर कमी झाल्या आणि आमची बॅच काढली. योजना खोटी नाहीये हो, २०१८ पासून आहे आणि आपल्याच कापलेल्या पैशातून आहे. दोन वर्षं नोकरी झालेली हवी, शेवटच्या सहा महिन्यांच्या पिरियडमध्ये किमान ७८ दिवसांचा ईएसआय भरलेला हवा आणि त्याआधीच्या तीन पिरियडपैकी एकात ७८. आयुष्यात एकदाच मिळतो, जास्तीत जास्त ९० दिवसांचा, आणि थेट बँकेत येतो. हे सगळं वाचूनच मी क्लेम टाकला होता, कुणा एजंटकडे गेले नव्हते.

अडकला का, तर कॉन्ट्रॅक्टरने शेवटच्या महिन्याचा भरणा करताना कारणाच्या जागी 'लेफ्ट सर्व्हिस' टाकलं. म्हणजे बघणाऱ्याला वाटणार हिने आपणहून सोडली. तिथं 'रिट्रेंचमेंट', म्हणजे कंपनीने कमी केलं, असा वेगळा पर्याय असतो, पण तो टाकायचा कुणाला, ऑफिसातल्या पोराने सगळ्या बॅचला एकच कारण लावलं. तुमचं नाव काढताना काय कारण टाकलंय ते जाताजाता विचाराच, नंतर कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाही.

तर यावर मी आमच्या सुपरवायझरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं की कारण बदलून कसं घ्यायचं. त्याच ग्रुपवर जॉइनिंगच्या वेळी सगळ्यांनी आधार, पासबुक, ई-पहचान म्हणजे ईएसआयसीच्या कार्डाचे फोटो टाकलेले, कारण सुपरवायझरने टाकायला लावले होते. ते फोटो कुणीही कधी डिलीट केले नाहीत. थोड्या दिवसात फोन. पहिलंच वाक्य, "ताई, तुमचा क्लेम कारणाच्या कोडवर अडकलाय ना?" मराठी एकदम साफ. माझा इन्शुरन्स नंबर त्याने घडाघडा वाचला, कॉन्ट्रॅक्टरचं नाव सांगितलं, पगार सांगितला. आता सांगा, एवढं सगळं बाहेरच्या माणसाला कसं माहीत असेल असंच कुणालाही वाटणार. "तुम्ही कोण" असं मी विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं, त्याने एम्प्लॉयी आयडी पण दिला. आयडी फोनवर कुणी पण देतं, हे आत्ता कळतंय.

आणि आता ती गोष्ट जी मला रात्री झोपू देत नाही. तो म्हणाला, तुमचे ५२,२०० मंजूर होतील. ५२,२०० म्हणजे १७,४०० गुणिले तीन, पूर्ण पगार. मी क्लेम टाकायच्या आधी वहीत हिशोब मांडला होता, चार पिरियडची म्हणजे दोन वर्षांची कमाई भागिले ७३०, रोजचे ५७२ रुपये, त्याचे निम्मे २८६, गुणिले ९०, साधारण २५,७००. वही समोरच होती. निम्मंच मिळतं हे मला माहीत होतं आणि हा दुप्पट सांगत होता, तिथंच फोन ठेवायचा होता. मी विचारलंही, निम्मं असतं ना? तर तो म्हणाला, रेट वाढलाय ताई, महिलांसाठी नवीन ऑर्डर आलीये. आणि मला पटलं, का पटलं तर आधी खरंच असं झालेलं आहे, सुरुवातीला २५ टक्के मिळायचे, मार्च २०२० पासून ५० केले, आणि नोकरी गेल्यावर ९० दिवस थांबायला लागायचं ते ३० वर आणलं. नियम बदलतात हे मी स्वतः वाचलेलं होतं म्हणून पटलं. ज्याला काहीच माहीत नाही तो एकवेळ वाचेल, अर्धवट माहिती असलेल्याला हे लोक बरोबर त्याच माहितीत अडकवतात.

१,१८० चा हिशोब त्याने "हजार अधिक १८ टक्के जीएसटी" असा दिला. क्यूआरवर नाव आलं कुठल्यातरी मोबाईल ॲक्सेसरीज दुकानाचं, विचारलं तर म्हणे आमचं सुविधा केंद्र आहे. या क्लेमला एक रुपयासुद्धा फी नाही, लक्षात ठेवा. पीएफच्या क्लेमला पण नाही. मग ४,३५० डिपॉझिट, "भत्त्याबरोबर परत येईल". ते भरल्यावर व्हॉट्सॲपवर एक एपीके फाईल आली, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकायचं ॲप, क्लेम स्टेटसचं ॲप म्हणून, वर ईएसआयसीचा लोगो. ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, आजकाल प्रत्येक ॲप मागतं, दिली. आत पैसे जमा करण्यासाठी म्हणून कार्डाची माहिती भरायची होती. पैसे घेण्यासाठी कार्डाचा नंबर आणि एक्स्पायरी कधीच लागत नाही, खाते नंबर आणि आयएफएससी पुरतो.

त्यानंतर ओटीपी माझ्या फोनवर आले ते मला दिसलेच नाहीत, ते ॲप परस्पर तिकडे पाठवत होतं. ५२,२०० आले का बघायला बँकेचं ॲप उघडलं तर २४,९०० वजा. ४ वाजून २६ मिनिटांनी मी बँकेच्या टोल फ्री नंबरला फोन लावला, नवऱ्याच्या फोनवरून. माझ्या फोनचं नेट बंद करून सिम काढलं, तुम्ही पण आधी हेच करा. बँकेच्या माणसाने सगळं लिहून घेतलं, तक्रार नंबर दिला, म्हणाला कार्ड ब्लॉक करतो. आणि ४ वाजून ४१ मिनिटांनी ६,७०० गेले!! फोन झाल्यावर गेले.

लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन केला, तिथल्या मॅडमनी मात्र शांतपणे सगळं घेतलं, ट्रान्झॅक्शन नंबर विचारले, पैसे ज्या खात्यात गेले तिथं ३,२०० रुपये होल्ड झाले. म्हणजे १९३० आधी करा, मिनिटांचा खेळ आहे, नातेवाईकांना नंतर सांगा.

खरा संताप बँकेचा आहे. ब्रँचमध्ये मॅनेजर म्हणतो, ॲप तुम्ही टाकलं, कार्ड नंबर तुम्ही भरला, बँकेचा संबंध नाही. बरं, २४,९०० चं एकवेळ धरून चालू. पण रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. मी प्रिंट नेली. तर म्हणतो, तुमची तक्रार दुसऱ्या दिवशी ब्रँचला आली, तीच तारीख धरणार. अहो, फोन बँकिंग, टोल फ्री, एसएमएस, ईमेल या सगळ्यावर चोवीस तास तक्रार घेण्याची सोय बँकेनेच करायची हे त्याच कागदात आहे, आणि जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करणं पण बँकेवर आहे! तक्रार नंबर दाखवला, कॉल लॉग दाखवला, तर म्हणे सिस्टीममध्ये दिसत नाही. बाजूच्या काउंटरवरची मुलगी मला विमा पॉलिसीचं पत्रक देत होती त्याच वेळी. माझा बीपी वाढला तिथंच. तक्रार नंबर एसएमएसने मागून घ्या आणि घेतल्यावर स्क्रीनशॉट काढा, तोंडी नंबरावर भरवसा नाही.

पोलिसांचं वेगळंच. घर एका हद्दीत, बँक दुसऱ्या, पुणे शहर वेगळं, पिंपरी-चिंचवड वेगळं, ग्रामीण वेगळं. चौकीत म्हणाले सायबरला जा, सायबरच्या माणसाने रक्कम ऐकली आणि म्हणाला लहान आहे, लोकलला द्या. लहान! आमच्या घरात दोन महिन्यांचा पगार आहे तो. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आहे, नागरिक सुरक्षा संहिता कलम १७३, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती कुठल्याही पोलीस ठाण्याला घ्यावीच लागते. हे कलम कागदावर लिहून नेलं तेव्हा कुठे अर्ज घेतला, तोपर्यंत नुसतं "बसा मॅडम, साहेब येतील". पोचपावती शिक्क्यासहित घ्या, नाहीतर उठू नका.

ग्रुपवर जुने आधार, पासबुकचे फोटो असतील तर आज ॲडमिनला सांगून काढायला लावा. क्लेमच्या स्टेटसचा स्क्रीनशॉट नंबरासकट कुठेही टाकू नका. शंका असेल तर पोर्टलवर स्वतः लॉगिन करून बघा, नाहीतर ईएसआयसीचा टोल फ्री १८००-११-२५२६ आहे, फोन आपण लावायचा, त्यांनी लावलेला नाही. फोन करणाऱ्याचा नंबर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू'मध्ये टाका, मी टाकलाय.

बँकेने ६,७०० ला लेखी नकार दिलाय, तो मी मागूनच घेतला, कारण नकार आला किंवा ३० दिवसात उत्तर नाही आलं की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकलीये, फुकट आहे, वकील लागत नाही, ४ वाजून २६ मिनिटांच्या कॉलचं रेकॉर्डिंग बँकेने हजर करावं असं त्यात लिहिलंय. कॉन्ट्रॅक्टरला पण कारण दुरुस्त करण्यासाठी रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलंय, त्याची पावती जपून ठेवलीये, कारण २५,७०० अजून यायचेत.