पटकथा शिकायची तर आधी कोण: हृषिदा की बासुदा?

स्वतः लिहायचं आणि ते स्वतःच दिग्दर्शित करायचं, असं ठरवलेल्या नवख्यांना मी दोन नावं सांगतो: हृषिकेश मुखर्जी आणि बासू चटर्जी. दोघांचेही चित्रपट बघावेत, पण दोघांचे एकदम बघू नयेत. साधी माणसं, मध्यमवर्गीय घरं, दोघांकडेही अमोल पालेकर; त्यामुळे ही नावं नेहमी एका दमात घेतली जातात. लेखनाच्या अंगाने मात्र ही दोन वेगळी घराणी आहेत.

हृषिदा संकलनातून आले. बिमल रॉय यांच्या 'दो बीघा जमीन'चं (१९५३) संकलन त्यांचं होतं, आणि १९५७ साली 'मुसाफिर'पासून ते दिग्दर्शक झाले. अमुक प्रसंग नसता तर काय बिघडलं असतं, हा संकलकाचा प्रश्न त्यांच्या पटकथांमध्ये मुरलेला आहे. 'गोलमाल' (१९७९) प्रसंगवार कागदावर उतरवून बघा. मालक भवानीशंकरचा बिनमिशीच्या माणसावर विश्वास नाही. त्याच्याकडे नोकरीला असलेला रामप्रसाद थाप मारून हॉकीचा सामना बघायला जातो आणि नेमका मालकाच्या नजरेस पडतो. मग लक्ष्मणप्रसाद नावाचा बिनमिशीचा जुळा भाऊ आणावा लागतो, पाठोपाठ एक आईही उभी करावी लागते. प्रत्येक प्रसंग आधीच्या थापेचं कर्ज फेडतो आणि त्यासाठी नवं कर्ज काढतो. मधला एखादा काढून बघा, पुढचं सगळं कोसळतं. राही मासूम रझांचे संवाद बहारदार आहेतच, पण हसू येतं ते या रचनेमुळे.

'आनंद'मध्ये (१९७१) तर त्यांनी शेवट सुरुवातीलाच सांगून टाकलाय. डॉ. भास्करला पुस्तकासाठी पुरस्कार मिळतोय, ते पुस्तक आनंदवर आहे, आनंद आता नाही. 'आनंद जगेल का' हा प्रश्न पहिल्याच काही मिनिटांत निकालात निघतो आणि मग आपण त्याचं जगणं बघत बसतो. एवढं धाडस आजही क्वचित दिसतं. मात्र ही पटकथा एकट्याची नव्हे, तिच्या श्रेयनामावलीत गुलजारही आहेत. हृषिदा चांगल्या लेखकांना सोबत घेऊन काम करत. त्यांची एक खोट जाणवते: 'बावर्ची'सारख्या चित्रपटात पात्रं अधूनमधून उपदेश करायला लागतात. तेवढं उचलू नका.

बासुदांची वाट वेगळी. 'ब्लिट्झ' साप्ताहिकात अनेक वर्षं व्यंगचित्रकार, मग 'तीसरी कसम'साठी (१९६६) बासू भट्टाचार्य यांचे सहायक, आणि १९६९ साली राजेंद्र यादव यांच्या कादंबरीवरचा 'सारा आकाश'. पटकथा बहुतेक वेळा ते स्वतःच लिहीत, म्हणून लेखक-दिग्दर्शक होऊ पाहणाऱ्याला ते जास्त जवळचे. चार रेषांत माणूस पकडायची सवय त्यांच्या चित्रपटांतही दिसते. 'छोटी सी बात'मध्ये अरुण बसच्या रांगेत उभा असतो आणि नागेश स्कूटरवर येऊन प्रभाला घेऊन जातो. तिघांचं नातं, अरुणचा भिडस्तपणा, दोघांच्या ऐपतीतला फरक, सगळं त्या एका थांब्यावर कळतं.

साहित्यकृतीवरून पटकथा करायची असेल तर 'रजनीगंधा'ला (१९७४) पर्याय नाही. मन्नू भंडारींची 'यही सच है' ही कथा डायरीच्या रूपात आहे, कानपूर आणि कलकत्त्यात घडते. चित्रपटात ती दिल्ली आणि मुंबईत आली. कथेत नायिका दीपा स्वतःशी जे बोलते त्यातलं किती पडद्यावर नुसत्या नजरेवर सोडलंय, ते शेजारी कथा उघडी ठेवून बघण्यासारखं आहे. 'पिया का घर' (१९७२) तर आपल्या 'मुंबईचा जावई'वरूनच केलेला. मराठी माणसाला दोन्ही लागोपाठ बघून ताडून पाहता येतात. बासुदांचं सगळंच काम या तोडीचं नाही, म्हणून सुरुवातीला सत्तरच्या दशकाबाहेर फार भटकू नये.

मग आधी कोण? तुमच्या मसुद्यात माणसं जिवंत असूनही गोष्ट पुढे सरकत नसेल, तर हृषिदा. घटना धडाधड घडतात पण पात्रांची नावं अदलाबदल केली तरी फरक पडत नसेल, तर बासुदा. मी हल्ली जे नवखे मसुदे वाचतो ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचे असतात. कलाटण्या भरपूर, पण नायक कुठे राहतो, कामाला कसा जातो, कुणाला घाबरतो याचा पत्ता नाही. म्हणून माझा कौल बासुदांना. आधी 'रजनीगंधा' आणि 'छोटी सी बात', मग 'गोलमाल'.

बासुदांचा 'एक रुका हुआ फैसला' मात्र 'गोलमाल'नंतरसाठी ठेवा. ती मूळ अमेरिकी कथा. एक खोली, बारा ज्युरी, रस्ते नाहीत, बसथांबे नाहीत. आधीच्या चित्रपटांत शिकलेली माणसांची पारख आणि प्रसंगांची साखळी, दोन्ही तिथे एकत्र तपासता येतील.