मायक्रोस्ट्रिप कॅल्क्युलेटर: आठ महिने वापरल्यावर

परवा दुसरा बोर्ड मोजून झाला, म्हणून आता लिहायला बसले. पहिला बोर्ड मोजला त्या रात्री लिहिलं असतं तर "वापरू नका" एवढंच लिहिलं असतं.

हा मोफत कॅल्क्युलेटर मी आठ महिने वापरतेय. मायक्रोस्ट्रिप म्हणजे सर्किट बोर्डावरची, उच्च फ्रिक्वेन्सीचा सिग्नल नेणारी तांब्याची पट्टी (लाइन). तिच्या खाली डायलेक्ट्रिक, म्हणजे बोर्डाचं इन्सुलेटर मटेरियल, आणि त्याखाली तांब्याचा सलग थर. डायलेक्ट्रिकची जाडी, त्याचा एप्सिलॉन-आर (डायलेक्ट्रिक स्थिरांक) आणि हवा तो इंपीडन्स ओहममध्ये भरला की कॅल्क्युलेटर पट्टीची रुंदी आणि लांबी सांगतो. पहिले सहा महिने तक्रारीला जागा नव्हती. १.६ मिमी एफआर-फोर (नेहमीचं फायबरग्लास बोर्ड मटेरियल), ३५ मायक्रॉन तांबं, एप्सिलॉन-आर ४.४, इंपीडन्स हवा ५० ओहम. उत्तर २.९५ मिमी. अँटेनाच्या फीडलाइन, अ‍ॅम्प्लिफायरच्या आजूबाजूच्या आखूड लाइन, सगळ्या याच आकड्यावर काढल्या आणि व्हीएनएवर (अशी सर्किट मोजायचं उपकरण) कधी काही वावगं दिसलं नाही. मिल (इंचाचा हजारावा भाग) आणि मिमी यांची अदलाबदल झटकन होते, मागचे आकडे जपून राहतात, नेट नसलं तरी चालतो. एवढ्यासाठी विकतचा सिम्युलेटर कशाला, असं मी इतरांनाही सांगत होते.

मग २.४५ गिगाहर्ट्झचा ब्रँचलाइन कपलर करायला घेतला, म्हणजे आलेली पॉवर दोन टोकांना सारखी वाटणारं चौकोनी सर्किट; त्याची प्रत्येक बाजू पाव तरंगलांबीची. त्याच्या दोन बाजू ५० ओहमच्या आणि दोन ३५.३६ ओहमच्या. कॅल्क्युलेटरने पहिल्यांना २.९५ मिमी रुंदी दिली, दुसऱ्यांना ४.४५. पाव तरंगलांबी दोन्हींना १८.४ मिमी. तसाच बोर्ड करून घेतला, कनेक्टर जोडले, मोजलं. दोन्ही टोकांना सारखी पॉवर मिळायला हवी होती. सरळ टोकाला उणे ४.५ डीबी, शेजारच्याला उणे २.५. तेही २.४५ वर नाही, २.२ गिगाहर्ट्झवर.

आधी मटेरियलवर संशय घेतला. एफआर-फोरचा एप्सिलॉन-आर लॉटगणिक बदलतो हे सगळेच जाणतात. पण गणित करून पाहिलं: ४.२ ते ४.६ एवढा फरक धरला तरी ५० ओहमची लाइन जेमतेम ओहमभर इकडेतिकडे होते आणि फ्रिक्वेन्सी दोनेक टक्के. मध्य फ्रिक्वेन्सी २.२ वर यायला एप्सिलॉन-आर साडेपाचच्या वर लागेल. असा एफआर-फोर मी पाहिलेला नाही. मग बोर्ड करणाऱ्याला दोष दिला, एचिंग (नको असलेलं तांबं रसायनानं काढणं) जास्त झालं असणार म्हणून. मायक्रोस्कोपखाली रुंदी मोजली तर ४.४३ मिमी. त्याचं काम चोख होतं, माझा आरोप मी मागे घेतला.

चूक सापडली ती १८.४ या आकड्यात. दोन वेगळ्या रुंदीच्या लाइनना एकच लांबी कशी? मायक्रोस्ट्रिपचं थोडं विद्युत क्षेत्र (फील्ड) हवेत असतं, बाकीचं डायलेक्ट्रिकमध्ये. लाइन रुंद केली की डायलेक्ट्रिकमधला वाटा वाढतो, लहरीला जाणवणारा एकूण (इफेक्टिव्ह) एप्सिलॉन वाढतो, लहर मंदावते. म्हणजे रुंद लाइनची पाव तरंगलांबी आखूड यायलाच हवी. इथे आली नाही, याचा अर्थ सूत्राला रुंदी दिसतच नव्हती. इफेक्टिव्ह एप्सिलॉन बरोबर ०.४७५ गुणिले एप्सिलॉन-आर अधिक ०.६७, हे ते सूत्र. रुंदीसाठी त्याच्या जोडीला आयपीसी-२१४१ या बोर्ड डिझाइनच्या मानकातलं, ८७ ने सुरू होणारं लॉगचं सूत्र.

ते रुंदीचं सूत्र वाईट नाही. हातानं करता येतं, पण रुंदी भागिले उंची (डायलेक्ट्रिकची जाडी) साधारण ०.१ ते २ असेल तेवढ्यातच भरवशाचं. माझी ५० ओहमची लाइन १.८४ वर, म्हणजे कुंपणाच्या आत. ३५ ओहमची २.७८ वर, बाहेर. मी काढलेली ४.४५ मिमीची लाइन प्रत्यक्षात ३९.६ ओहमच्या आसपास होती, आणि एवढ्यानं दोन टोकांत २ डीबीचा फरक पडतो. स्क्रीनवर मात्र एक शब्द नाही. ना सूत्राचं नाव, ना मर्यादा ओलांडल्याची सूचना.

या एका गोष्टीचा मला किती राग आला ते सांगते. त्याच खिडकीत मी १२ मिमी रुंदी भरली. उत्तर आलं उणे ०.२५ ओहम. उणे इंपीडन्स, दोन दशांश स्थळांपर्यंत, काळ्या ठळक अक्षरांत! खरा आकडा १९ च्या आसपास येतो. जो कॅल्क्युलेटर उणे ओहम न अडखळता छापतो, त्यानं छापलेल्या बाकीच्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास कसा ठेवायचा? हे कॅल्क्युलेटर बनवणाऱ्यांना कळवलं. दोन आठवड्यांनी उत्तर आलं की सूत्र प्रमाणित आहे. प्रमाणित आहेच, कुठपर्यंत, हेच तर विचारलं होतं.

बोर्ड फेकवत नव्हता. तांब्याच्या टेपची ५.२ मिमी रुंद पट्टी कापून ४.४५ च्या लाइनवर बसवली. टेपचा गोंद वीज जाऊ देत नाही, म्हणून दोन्ही कडा लांबीभर सोल्डर केल्या. २.२ गिगाहर्ट्झवर दोन्ही टोकं जवळजवळ बरोबरीत आली. निदान पक्कं झालं.

आता मत थोडं बदलावं लागतंय, कारण नंतर सेटिंगच्या तिसऱ्या टॅबमध्ये हॅमरस्टॅड आणि जेन्सन यांचं १९८० चं मॉडेल सापडलं. सहा महिने तिथेच होतं. ते निवडल्यावर ५० ओहमला ३ मिमीच्या किंचित वर रुंदी आणि १६.८ मिमी लांबी, ३५ ओहमला ५.२ आणि १६.४. लांब्या वेगळ्या आल्या तेव्हाच हायसं वाटलं. तांब्याची जाडीही हिशेबात धरली जाते, शिवाय लॉसचा (लाइनमध्ये वाया जाणाऱ्या पॉवरचा) अंदाज मिळतो. दुसरा बोर्ड याच आकड्यांवर केला: मध्य २.४३ वर, टोकांतला फरक ०.२ डीबी. विकतच्या सिम्युलेटरचे पैसे वाचले, हे मान्य करायलाच हवं.

मटेरियलची यादी मात्र तपासून घ्या. त्यात रॉजर्स कंपनीच्या आरओ-४३५०बी ला एप्सिलॉन-आर फक्त ३.४८ दिला आहे. ते उत्पादनाचं माप, डिझाइनसाठी कंपनी ३.६६ सांगते. हाताने बदलता येतो.

एवढं चांगलं मॉडेल असताना पहिली निवड जुन्या सूत्राची का, हे मला अजून उमगलेलं नाही. गेल्या आठवड्यातल्या अपडेटनंतर उघडलं तर निवड पुन्हा तिथेच गेली होती. म्हणून आता दर वेळी आधी १२ मिमी रुंदी भरते. उणे उत्तर आलं की तिसरा टॅब उघडते, मगच कामाचे आकडे घालते.