टीम गेमचं सेल्फ-असेसमेंट: मोबाईलचा व्हिडिओ की जोडीदाराचा तक्ता?

स्पोर्ट्स कोचिंगच्या व्होकेशनल कोर्सला टीम गेमचं प्रॅक्टिकल आलं की सोबत ती फाईल येतेच, स्वतःचा खेळ स्वतः तपासा, काय जमतं काय नाही ते पुराव्यासकट लिहा, पुढे काय सुधारणार त्याचा प्लॅन द्या. ब्रिटनच्या बीटेक (BTEC, तिथला व्होकेशनल कोर्स, इंजिनिअरिंगची डिग्री नव्हे) स्पोर्ट्समध्ये हा असाइनमेंटचाच भाग असतो, आपल्याकडेही आता हे मागतात. स्किल्सची यादी आणि मार्कांचे निकष तुम्हाला कोर्सच्या कागदांत मिळतील, त्यात मी जात नाही. अडतं ते पुरावा गोळा करताना. मोबाईलवर व्हिडिओ काढून घरी बसून बघायचा, की बॅचमधल्या कुणाच्या तरी हातात कागद-पेन्सिल देऊन त्याला मैदानाबाहेर बसवायचं? मी हा कोर्स बडोद्यातच केला, खो-खो आणि व्हॉलीबॉल घेऊन, दोन्ही पद्धती नीट वापरून बघितल्या, त्यामुळे जे सांगतोय ते माझ्या अनुभवापुरतं. तुमचं मैदान वेगळं, तुमची बॅच वेगळी, थोडंफार इकडेतिकडे होईलच.

काहीजण तिसराच मार्ग धरतात, रात्री घरी जाऊन डायरी लिहायची. ती लिहा, पण पुरावा म्हणून तिच्या भरवशावर राहू नका. फ्रँक्स आणि मिलर या दोघा संशोधकांनी १९८६ साली फुटबॉलच्या सामन्यावर प्रयोग करून दाखवलं होतं की कोच लोकांनाही सामना संपल्यावर त्यातल्या महत्त्वाच्या घटना निम्म्यासुद्धा नीट आठवत नाहीत, मग जो स्वतः धावतोय, धापा टाकतोय, त्याला रात्री काय आठवणार.

आधी व्हिडिओचं चांगलं सांगतो कारण चांगलं पुष्कळ आहे. व्हॉलीबॉलला मी आजही व्हिडिओच सुचवेन. कोर्ट १८ बाय ९ मीटरचं, मोबाईल एंड लाईनच्या मागे जरा उंचावर लावला की सहाच्या सहा खेळाडू फ्रेममध्ये, रोटेशन चुकलं कुठे, ब्लॉकच्या मागे कव्हरला कोण गेलं नाही, सगळं दिसतं. स्पाईकची शेवटची दोन पावलं, हात मागे कितपत गेला, हे डोळ्याने पकडता येतच नाही, स्लो मोशनमध्येच कळतं. लॅपटॉप असेल तर काइनोव्हिआ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात फ्रेम-फ्रेम पुढे सरकवून कोन मोजता येतो. खो-खोतसुद्धा खांबावरचा सूर किंवा आकाशीय सूर तपासायचा असेल तर व्हिडिओला पर्याय नाही, छाती आधी टेकते की गुडघा, ते तिथेच दिसतं. शिवाय परीक्षक बाहेरून आला तर त्याला क्लिप दाखवणं सोपं पडतं, हा फायदा मी नाकारत नाही.

पण खो-खोत माझं व्हिडिओशी का जमलं नाही ते जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्यापुरता निर्णय याच एका गोष्टीवर झाला. आक्रमणाला नऊ जण उतरतात, त्यातले आठ चौकात बसलेले आणि धावणारा एक. नऊ मिनिटांच्या डावात एकेकाच्या वाट्याला प्रत्यक्ष धावणं किती येणार? उरलेला सगळा वेळ आपण बसलेलो असतो, आणि खेळ कळतो की नाही ते त्या बसण्यातच ठरतं, पाय कसे ठेवलेत, कान कुठे आहे, पळणारा (म्हणजे संरक्षणाचा गडी) कुठल्या बाजूने येतोय, खो मिळाला तर कुठे वळायचं हे आधी ठरवलंय का. आता मित्राच्या हातात मोबाईल दिला तर तो काय करतो? धावणाऱ्याच्या मागे मोबाईल फिरवतो. त्याचा दोष नाही, डोळा तिकडेच जातो. घरी येऊन बघावं तर पूर्ण डावात मी दिसतो तो खो मिळून उठल्यानंतर, म्हणजे उठतानाचा तो अर्धा सेकंद, जो मला बघायचा होता, तो फ्रेमच्या बाहेर. बरं, मोबाईल स्टँडवर एका जागी लावून बघितला, तर २७ मीटर लांबीचं मैदान एका फ्रेममध्ये बसवायला इतकं लांब जावं लागतं की माणसं अंगठ्याएवढी दिसतात, आणि चौकात एकाआड एक उलट्या तोंडाने बसलेले असल्यामुळे कोण कुणाच्या आड गेला ते कळत नाही. आवाजाची तर बातच सोडा. खो म्हणजे मागून पाठीला हात आणि तोंडाने खो, दोन्ही. हात आधी लागला की आवाज आधी आला, आणि मी त्याच्याही आधी उठलो का, हे संध्याकाळच्या वाऱ्यात आणि शेजारच्या क्रिकेटवाल्यांच्या ओरड्यात रेकॉर्डिंगमधून ठरवायचं म्हणजे डोकं धरून बसायचं. पुन्हा मागे घ्या, पुन्हा लावा. दरवेळी हेच. चिडचिड व्हायची, कारण फाईलमध्ये गुण कशाला आहेत? निर्णय, संवाद, नियमांची समज. आणि माझ्याकडे पुरावा कशाचा? धावण्याचा.

जोडीदाराच्या तक्त्याने हे सोडवलं. वहीचं एक पान, खाली पुठ्ठा, पेन्सिल (पेन नको, घामाच्या हाताने शाई पसरते), आणि जोडीदाराला एकच काम, अख्खा डाव फक्त माझ्याकडे बघायचं. खेळ कुठेही जाऊ दे, गडी बाद होऊ दे, नजर माझ्यावर. रकाने पाचच: खो ऐकून उठला, आधी उठला, दिशा बरोबर घेतली, पुढचा खो वेळेवर दिला, उशिरा दिला. खो-खोला माणूस शोधायलाही लागत नाही, संघ बाराचा आणि मैदानात नऊ, तीन जण बाहेर असतातच, आणि संरक्षणाला तर तिघांची तुकडी आत आणि बाकी सगळे बाहेर.

माझा जोडीदार गुजराती होता आणि खुणांच्या शेजारी त्याच्या भाषेत बारीक टिपण करायचा. एका तक्त्यावर "आधी उठला"च्या रकान्यातल्या जवळजवळ सगळ्या खुणांपुढे त्याने लिहिलं होतं, "सामेथी आव्यो त्यारे", म्हणजे पळणारा माझ्या तोंडासमोरून गेला तेव्हा. सरळ अर्थ निघाला की पळणारा नजरेला पडला की माझं अंग आपोआप उठत होतं, आणि तो पाठीमागून गेला की मी बरोबर खो ऐकूनच उठत होतो. मग सरावही तेवढाच नेमका झाला, पळणारा समोरून मुद्दाम न्यायचा, मागे उभ्या असलेल्याने मनात येईल तेव्हा खो द्यायचा, कधी द्यायचाच नाही, आणि मी फक्त पाठीवरच्या हाताची आणि आवाजाची वाट बघायची. प्लॅनमध्ये लिहायला याहून ठोस काय मिळणार?

तक्त्यातही खड्डे आहेत, तेही सांगायला हवेत. कागद-पेन्सिलीने खेळ मोजायची परंपरा जुनी, इंग्लंडच्या चार्ल्स रीपने १९५० मध्ये स्विंडन टाउन या फुटबॉल क्लबच्या सामन्यात हल्ले टिपायला सुरुवात केली आणि पुढे आयुष्यभर टिपत राहिला. त्याने काढलं की बहुतेक गोल तीन किंवा कमी पासांतून होतात, म्हणून लांब बॉल मारा. पुढे लोकांनी दाखवून दिलं की मुळात बहुतेक हल्लेच तीन पासांच्या आत संपतात, मग गोलही तिथूनच जास्त येणार. म्हणून नुसतं "दहा खो वेळेवर दिले" लिहू नका, किती संधींपैकी दहा ते लिहा, त्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. व्हॉलीबॉलला रिसीव्हला (समोरून आलेली सर्व्हिस घेण्याला) ० ते ३ गुण द्यायची पद्धत आहे ती याच कारणाने कामाची, प्रत्येक सर्व्हिसला गुण द्यावाच लागतो, चांगले तेवढे वेचून घेता येत नाहीत.

दुसरा खड्डा दोस्तीचा. जवळचा मित्र बसवला की शंका आली तिथे तो तुमच्या बाजूने खूण करणार. जोडीदार दर डावाला बदलत राहा, आणि "उशिरा" म्हणजे नक्की काय ते आधी बोलून घ्या, आमचं ठरलेलं होतं की पळणारा पुढचा चौक ओलांडून गेल्यावर दिलेला खो उशिरा. असं ठरलेलं असलं की दोन वेगळ्या जोडीदारांचे तक्ते बऱ्यापैकी जुळतात, निदान आमचे जुळायचे.

आणखी एक, प्लेसमेंटला (कोर्समधल्या प्रत्यक्ष कोचिंगच्या सरावाला) शाळेत गेलात तर मुलामुलींचे व्हिडिओ काढायला शाळेची आणि पालकांची परवानगी लागते, ती बरोबरच आहे, पण त्यात दिवस जातात. कागदाला कोणी अडवत नाही.

तर खेळ लहान कोर्टावरचा आणि स्किल अंगाच्या हालचालीचं असेल तर खुशाल व्हिडिओ घ्या. खेळ पसरलेला असेल, आणि तुमचा बराचसा वेळ बॉलपासून किंवा धावणाऱ्यापासून लांब जात असेल, तर माझं मत तक्त्याकडे झुकतं, आणि फाईलचा कणा तक्ता ठेवून सोबत सुराची किंवा स्पाईकची एखादी छोटी क्लिप जोडली की परीक्षकाचंही समाधान होतं.

कबड्डी घेतली असेल (आणि बडोद्यात ती घ्यावी असं मला मनापासून वाटतं, हुतूतूची स्पर्धा हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली इथेच भरवली होती) तर रकाने बदलावे लागतील. कोपऱ्याला खेळत असाल तर चढाई तुमच्या बाजूला आली तेव्हा पाय मागे होता की पुढे, साखळीतला हात सुटला का, आणि सहा किंवा जास्त जण मैदानात असताना, म्हणजे बोनस चालू असताना, तुम्ही बोनसच्या रेषेकडे बघत राहिलात की चढाईवाल्याच्या कमरेकडे. हा शेवटचा रकाना भरायला जोडीदाराला तुमच्याच बाजूच्या कोपऱ्यामागे बसवा, समोरून ते दिसत नाही.