वल्ह्याची होडी घ्यावी की शिडाची?

फायबरच्या छोट्या होड्या करणारे कारागीर बऱ्याचदा एकाच साच्यातून दोन्ही काढतात. आधी मेण, मग जेलकोट (होडीचा बाहेरचा गुळगुळीत थर), त्यावर काचतंतूची मॅट आणि रेझिन. रोलर फिरवून बुडबुडे बाहेर. इथवर दोघी जुळ्या बहिणी.

शिडाच्या होडीला मात्र मधोमध डॅगरबोर्डची (होडी वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून पाण्यात खाली सोडायच्या फळीची) खाच लागते, म्हणजे तळाला मुद्दाम पाडलेलं भोक. गळती सुरू झाली की पहिला संशय इथेच घ्यायचा. होडी विकत घेताना टॉर्च मारून, जोडावरून बोट फिरवून पाहा. रेझिन नीट न मुरलेली कोरडी मॅट हाताला खरखरीत लागते. शिवाय डोलकाठी, सुकाणू, दोर आलेच, आणि त्यांच्याबरोबर वजन आणि खर्च. वल्ह्याच्या होडीला बाकडं, वल्ही अडकवायच्या कड्या आणि पाय रेटायला आडवी पट्टी, बस्स.

कोकणातल्या खाडीत गळ टाकायला किंवा पलीकडे सामान न्यायला मी डोळे झाकून वल्ह्याची घेईन. सकाळचा मतलई वारा अनेकदा मंद असतो, आणि ओहोटीत तो पडला की शीडवाला अडकलाच. (वल्ही त्यानेही सोबत ठेवावीत.) पण घरात दहा वर्षांचं पोर असेल तर शीडच. क्लार्क मिल्सने 1947 मध्ये फ्लोरिडात मुलांसाठी आखलेली ऑप्टिमिस्ट ही शिडाची होडी जेमतेम 2.3 मीटरची, शीड-डोलकाठी सोडून नुसती होडी 35 किलोची.

बाकड्याखाली हवाबंद कप्पे मात्र दोन्हींत हवेतच. होडीत पाणी भरलं तर लाकूड तरंगतं, नुसतं फायबर तळ गाठतं.