खोल तळ्यातला मोठा ट्राऊट: शिशाचा गोळा, शिशाची दोरी की तांब्याची तार?

दरवर्षी एप्रिल संपत आला आणि नागपूरचा पारा ४५ कडे सरकू लागला की आमच्या ओळखीतली दोन-चार जोडपी पोरांकडे कॅनडा-अमेरिकेला निघतात. त्यांत जे गरीचे शौकीन असतात ते निघण्याआधी माझ्याकडे एक चक्कर मारतात. जावयाच्या ऑन्टारिओतल्या घरी मी तीन उन्हाळे काढलेत आणि त्यातले बरेचसे दिवस तिथल्या तळ्यांवर गेलेत, एवढीच माझी पात्रता. यंदा नागपूरच्या महाल भागातला जुना मित्र आला. सारी हयात कन्हानच्या काठावर मरळ आणि रोहू काढण्यात गेलेली. बसता बसताच म्हणाला, "जुलैभर तिकडं आहे. मोठा ट्राऊट काढाचा आहे. कोणतं सामान घेऊ ते सांग, बाकी गप्पा मंग."

त्याला म्हटलं, सामान नंतर. आधी मासा कुठे आहे ते बघू.

आपण काठावर गरी टाकून बसतो, मासा आपल्याकडे येतो. ट्रोलिंगमध्ये बोट ताशी २ ते ४ किलोमीटरच्या चालीनं फिरत राहते आणि आमिष मागून ओढलं जातं. चालत्या बोटीमागचं आमिष पाण्याच्या रेट्यानं वर उचललं जातं, आणि मोठा ट्राऊट उन्हाळ्यात खाली असतो. सगळा झगडा इथे आहे. बाजारातली निम्मी उपकरणं आमिष खाली दाबून ठेवण्यासाठीच जन्माला आली आहेत.

खाली म्हणजे किती? लेक ट्राऊटला (नाव ट्राऊट असलं तरी हा खरा 'चार' (char) नावाच्या गटातला मासा) साधारण १० अंश सेल्सियसचं पाणी मानवतं. जुलैत तळ्याचा पृष्ठभाग २० अंशांच्या वर गेलेला असतो. कोमट पाणी हलकं, ते वर तरंगत राहतं. थंड, जड पाणी खाली बसतं. आणि मधे एक पट्टा असतो जिथे तापमान झपकन उतरतं. त्याला थर्मोक्लाईन म्हणतात. विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. छातीशी पाणी कोमट, पाय खाली सोडले की गारठा. मोठ्या तळ्यात हा पट्टा भर उन्हाळ्यात बहुधा १० ते २० मीटरवर सापडतो. रेनबो आणि ब्राऊन ट्राऊट त्याच्या आसपास फिरतात. लेक ट्राऊट त्याच्याही खाली, ३० मीटरवर, कधी त्याहून खोल. ३० मीटर म्हणजे दहामजली इमारत. तिच्या गच्चीवर उभं राहून तळमजल्यावर चमचा (चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष) नाचवायचा, आणि तोही चालता चालता.

म्हणून पहिला प्रश्न असा की तुमचा मासा १५ मीटरवर आहे की ३० वर. याचं उत्तर आलं की निम्मी तुलना आपोआप मिटते.

आता गोळा. याला डाउनरिगर म्हणतात. बोटीच्या काठाला बसवलेला छोटा रहाट समजा, त्याला पोलादी दोर आणि दोराच्या टोकाला साडेतीन ते साडेपाच किलोचा शिशाचा गोळा. तुमच्या रॉडची दोरी गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवायची आणि गोळा खाली सोडायचा. रहाटावर आकडा दिसतो: २० मीटर, २५, ३०. माशानं आमिष ओढलं की चिमटा सुटतो, आणि त्यानंतर तुम्ही आणि मासा यांच्या मधे काही वजन उरत नाही. हलक्या रॉडवर, मोकळ्या दोरीवर मासा खेळवायचा. या एका सुखासाठी लोक डाउनरिगरवर जीव टाकतात, आणि ते बरोबरच आहे.

खोली हव्या त्या मीटरवर धरता येणं हा याचा खरा गुण. फिश फाइंडरच्या (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर २८ मीटरवर मासे दिसले तर गोळा २६ वर न्यायचा. मासा वर बघून झडप घालतो, खाली वाकून क्वचितच, म्हणून आमिष त्याच्या डोक्यावरच हवं. फक्त आकड्यावर आंधळा विश्वास नको. बोट चालत असताना दोर मागे झुकतो, त्यामुळे आकडा ३० दाखवत असला तरी गोळा त्याहून वर असतो. वेग जास्त किंवा गोळा हलका, तेवढा फरक मोठा. पडद्यावर गोळा स्वतः रेघेसारखा दिसतो. ती रेघ बघा, आकडा नव्हे.

तोटे सांगतो, कारण दुकानदार सांगत नाही. एक, हे बोटीला बसवावं लागतं. पाहुणा म्हणून दुसऱ्याच्या बोटीवर जाणाऱ्यानं विकत घेऊन करायचं काय? दोन, किंमत. हातानं फिरवायचं यंत्रही काहीशे डॉलर घेतं, इलेक्ट्रिक त्याच्या कितीतरी वर. तीन, तळ. पहिल्याच उन्हाळ्यात मी पडद्यावर मासे बघण्यात इतका रंगलो की समोर तळ उंचावतोय हे पाहिलंच नाही. गोळा खडकात अडकला, बोट कडेला कलली, आणि जावयानं दोर कापला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. गोळा गेला तो गेलाच. एकानं सुकाणू आणि पडदा, दुसऱ्यानं रहाट, अशी दोन माणसं असतील तरच हे काम. आणि छोटा मासा लागला तर चिमटा सुटतच नाही. अर्धा तास बिचाऱ्याला ओढत फिरल्याचं नंतर कळतं.

शिशाची दोरी, म्हणजे लेडकोर, याच्या अगदी उलट स्वभावाची. विणलेल्या नायलॉनच्या पोटात शिशाची बारीक तार. दर १० यार्डांना, म्हणजे सुमारे ९ मीटरला, दोरीचा रंग बदलतो, म्हणून तिथले लोक लांबी रंगांत मोजतात: "पाच रंग सोडलेत." सावकाश चालीत एक रंग साधारण दीड मीटर खाली जातो असा हिशेब. पूर्ण १० रंगांची दोरी सोडली की १५ मीटर. बोटीला काही बसवायचं नाही, यंत्र नाही, फक्त मोठं रीळ आणि जरा दणकट रॉड. भावाच्या, जावयाच्या, कुणाच्याही बोटीवर हातात घेऊन चढता येतं.

पण तोच हिशेब पुढे नेऊन बघा. ३० मीटर गाठायला २० रंग, म्हणजे १८० मीटर दोरी मागे. एवढी जाड दोरी रिळावर मावणं मुश्कील, आणि मासा लागला तर ती गुंडाळता गुंडाळता मनगट जातं. शिवाय शिशाच्या वजनामुळे माशाची धडपड बोथट होऊन हातात येते. मरळ लागल्यावर जो झटका बोटांना बसतो तो इथे विसरा. म्हणजे १५ मीटरपर्यंतच्या रेनबो-ब्राऊनसाठी लेडकोर उत्तम, खोल लेक ट्राऊटसाठी नाही. न्यूझीलंडच्या ताऊपो तळ्यावर पोरं असतील तर हा पर्याय नक्की डोक्यात ठेवा. तिथे रेनबो आणि ब्राऊनच आहेत. (ताऊपोचा मासेमारी परवाना मात्र वेगळा लागतो, बाकी देशाचा तिथे चालत नाही.)

लेडकोरची एक गंमत गोळ्यात नाही. बोट वळली की आतल्या बाजूची दोरी मंदावते आणि आमिष खाली बसतं. बाहेरच्या बाजूची वेग घेते आणि आमिष वर उसळतं. मासे बऱ्याचदा नेमके वळणावर लागतात, कारण पळता पळता अडखळलेलं भक्ष्य त्यांना सोडवत नाही. म्हणून सरळ रेषेत बोट चालवू नका, नागमोडी न्या. आतल्या दोरीला मासा लागला तर समजा त्यांना संथ आणि खोल हवंय. बाहेरच्या दोरीला लागला तर थोडा वेग वाढवा. गोळा खोली ठरवून देतो, शिशाची दोरी माशाचं मन सांगते, असं मी जावयाला म्हणायचो. तो हसायचा.

तांब्याची तार हा माझा हळवा कोपरा, तेव्हा इथे माझ्या मताला थोडी सूट द्या. तांबं शिशाच्या दोरीहून जास्त बुडतं. नेहमीच्या जाडीची १०० मीटर तार सोडली तर आमिष २० मीटरच्या आसपास जातं. न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्सवर आणि ऑन्टारिओतल्या सिमको तळ्यावर जुनी मंडळी रॉड न वापरता ही तार थेट हातानं ओढतात: ओढ, सैल सोड, ओढ, सैल सोड. चमचा तळाशी फडफडतो, बसतो, पुन्हा उठतो. तळाचा दगड, चिखल, माशाची नुसती चाचपणी, सगळं बोटांना कळतं, कारण तार ताणत नाही. आपल्याकडे रॉडशिवाय नुसत्या हातदोरीवर वाढलेल्या माणसाला हे तंत्र अर्ध्या तासात जमतं. मला जमलं, आणि डाउनरिगरवर मिळालेल्या मोठ्या माशापेक्षा तारेवर मिळालेला मधला मासा मला जास्त आठवतो.

पण तार नवख्याची परीक्षा बघते. एकदा पीळ पडला की तिथे ती तुटणार, आज नाही तर उद्या. सैल सोडली की रिळावर केसांच्या गुंत्यासारखी फुगते. आठवड्याभरासाठी जाणाऱ्यानं हिच्या नादी लागू नये. दोन महिने असाल आणि शिकवणारा म्हातारा भेटला, तर जरूर.

डायव्हर नावाची प्लास्टिकची चकती असते, ती थोडक्यात आटपतो. पाणी कापत खाली जाते, आणि तिच्यावरची तबकडी फिरवून आमिष बोटीच्या डावीकडे-उजवीकडेही पाठवता येतं. स्वस्त, बोटीला काही जोडायचं नाही. पण ओढते अशी की रॉड सतत वाकलेला, आणि आडवं जास्त पाठवलं की खोली कमी होते. चार माणसं एका बोटीवर असतील आणि दोऱ्या एकमेकींत गुंतत असतील, तर कडेच्या दोघांच्या हाती ही द्या. एकट्यादुकट्याला गरज नाही.

राहिलं सगळ्यात साधं, आणि नागपूरकराला सगळ्यात जवळचं. तीन तोंडांची कडी. एका तोंडाला मुख्य दोरी, दुसऱ्याला दीड-दोन मीटर दोरी आणि आमिष, तिसऱ्याला हातभर दोरी आणि ३०० ते ५०० ग्रॅमचं शिसं. शिसं तळाला टेकवायचं, हातभर उचलायचं, पुन्हा टेकवायचं, आणि बोट अगदी मंद. दोरी पाण्यात साधारण ४५ अंशात तिरकी राहिली की समजा वजन आणि वेग जमलेत. शिसं बांधलेली हातभर दोरी मुख्य दोरीहून कच्ची ठेवायची, म्हणजे खडकात अडकली तर तेवढाच तुकडा तुटतो, आमिष वाचतं. उन्हाळ्यात लेक ट्राऊट बऱ्याचदा तळालगतच असतो, त्यामुळे ३० मीटरवर ही पाच-दहा डॉलरची जुळणी महागड्या यंत्राच्या तोडीला उतरते. मासा मधल्या पाण्यात तरंगत असला की मात्र ही आंधळी होते, आणि तिथे गोळ्याला पर्याय नाही. शिवाय मासा खेळवताना अर्धा किलो शिसंही सोबत ओढायचं, हे आहेच.

आमिषाचा गोंधळ करू नका. चांदी आणि तांब्याच्या रंगाचे दोन चमचे, आणि त्यांच्या पुढे लावायला एक चकाकता पत्रा, ज्याला फ्लॅशर किंवा डॉजर म्हणतात. खोल अंधारात पत्र्याची लकाकी आणि थरथर माशाला लांबून बोलावते. रंगांवर तासन्‌तास वाद घालणारे मी पाहिलेत. वेग चुकला असेल तर कुठलाच रंग कामाचा नाही. लेक ट्राऊटला संथ चाल आवडते, ताशी अडीच-तीन किलोमीटर. रेनबोला थोडी जलद.

मोठा मासा लागलाच तर दोन गोष्टी. लेक ट्राऊट फार हळू वाढतो आणि कित्येक दशकं जगतो. कॅनडाच्या उत्तरेतल्या ग्रेट बेअर तळ्यातून १९९५ मध्ये निघालेला ७२ पौंडांचा, म्हणजे साडेबत्तीस किलोच्या घरातला, लेक ट्राऊट गरीवरचा विक्रमी मानला जातो. तसल्या आकाराला पोचायला किती थंडीचे हंगाम गेले असतील याचा विचार करा. तर मोठा सोडा, मधला ठेवा. लेक ट्राऊटला पोटातली हवा तोंडावाटे सोडता येते, म्हणून खोलातून वर आणलेला मासाही परत जाऊ शकतो. वर येताना बुडबुडे दिसले तर घाबरू नका, ते त्याच्या भल्याचंच आहे. त्याला मारतं ते वरचं कोमट पाणी आणि आपलं फोटोसेशन. दुसरं, मोठ्या म्हाताऱ्या माशात पारा साठलेला असतो. ऑन्टारिओ सरकार कुठल्या तळ्यातला केवढा मासा किती खावा याची माहिती देतं, ती जावयाला बघायला सांगा. मधल्या आकाराचा मासा सावजी रश्श्यात टाकून पाहिलाय. मांस तेलकट, मसाला झेलतं, पण कांदा कमी घाला.

परवाना आणि एका माणसाला किती दोऱ्या, हेही आधी विचारा. पुष्कळ ठिकाणी एकच दोरी चालते, आणि मग डाउनरिगरवर दोन-दोन आमिषं लावायची स्वप्नं तिथेच संपतात.

आता मित्राचं. मुलाकडे बोट नाही, मुलाच्या शेजाऱ्याकडे आहे, आणि तिला रहाट बसवलेला नाही. महिना जुलै, हवा आहे लेक ट्राऊट, मुक्काम चार आठवडे. त्याला म्हटलं, डाउनरिगर विकत घेऊ नको. एखादा दिवस पैसे देऊन गाईडच्या बोटीवर जा, गोळ्याचं सुख तिथे अनुभव. बाकीचे दिवस शेजाऱ्याच्या बोटीवर तीन तोंडांची कडी. लेडकोर या खेपेला नको. ऑगस्टात ताऊपोला जात असतास तर वेगळं. (तिकडे तेव्हा हिवाळा, हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मंग तर नाहीच जात.")

त्याला पटलं असावं, कारण परवा त्याच्या घरी गेलो तर अंगणात जुन्या डब्यात शिसं वितळवून वाळूच्या साच्यात ओतणं चाललं होतं. चारशे ग्रॅमचे पाच गोळे तयार, छान गुळगुळीत. आत वहिनी सुटकेस काट्यावर ठेवून बसल्या होत्या. गोळे बघितले, एकेक उचलून बाहेर ठेवला आणि तेवढ्याच वजनाची संत्रा बर्फी भरली. म्हणाल्या, "शिसं तिकडंही भेटते."