पिवळा बाम: आधी गार, मग गरम

मानेच्या दुखण्यावर गेला महिनाभर मी हा पिवळा बाम वापरत आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण कापूर, मेन्थॉल आणि गंधपुरा तेल हे त्रिकूट बाजारातील बहुतेक बामांत थोड्याफार फरकाने सारखेच असते.

‘खोलवर ऊब पोहोचवतो’ असे वेष्टनावर छापले आहे. चोळल्यावर आधी गारवा आणि पाच-सात मिनिटांनी ऊब जाणवते हे खरे. पण त्या जागी धरलेल्या तापमापकाचा आकडा दोन्ही वेळा जवळपास तोच राहिला. मज्जातंतूंच्या टोकांवरील टीआरपीएम-८ हे दारासारखे उघडझाप करणारे प्रथिन एरवी साधारण २५ अंशांखाली उघडते. मेन्थॉल ते गारव्याविनाच उघडते आणि मेंदूला थंडीची वर्दी जाते. कापराची करामत मला अधिक विलक्षण वाटते. तो ज्या टीआरपीव्ही-३ ला चेतवतो, ते प्रथिन मुख्यतः त्वचेच्या बाह्यथरातील केराटिनोसाइट पेशींतच असते. सुमारे ३३ अंशांपुढे ते उघडले की पेशीत कॅल्शियम शिरते आणि ती एटीपी हे निरोप्या रसायन सोडून शेजारच्या मज्जातंतूला खबर देते. त्वचा म्हणजे मज्जातंतूंवरचे नुसते पांघरूण, अशी माझी शाळेपासूनची समजूत होती!

दाहाची वर्दी देणारे टीआरपीव्ही-१ निराळे. मिरचीतील कॅप्सेसिनच्या आधारे डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ते १९९७ मध्ये ओळखले आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. कापूर त्यालाही आधी डिवचतो व मग मंदावतो. ठणका तासाभरासाठी कमी वाटतो, त्यामागे हेही एक कारण असावे. मान आखडण्याचे मूळ मात्र जागच्या जागी राहते.

एकदा कढत पाण्याने अंघोळ करून लगेच बाम चोळला, तेव्हा आग असह्य झाली. आधीच तापलेल्या त्वचेवर कापराची भर पडली होती. याची सूचना वेष्टनावर हवी होती. गंधपुरा तेलातील मिथाइल सॅलिसिलेट त्वचेतून रक्तात जाते, त्यामुळे रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, हेही तेथे लिहिलेले नाही. तान्ह्या मुलांच्या नाकाजवळ तर असा बाम नेऊच नये.

बाटली संपल्यावर हाच बाम पुन्हा घेईन. फक्त कॉलरवरचे पिवळे डाग निघत नसल्याने रात्री, जुना गंजिफ्रॉक घालूनच लावीन.